पाऊण डॉलरचा हिशोब

पुणे

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज पोचला. ‘मावशी, सहा वर्षं सर्व्हर सांभाळण्यात गेली. आता सिक्युरिटीत जायचं तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार ना?’ फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून लिहायला बसले.

पहिल्यापासून कशाला? १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. संशोधनाचा निधी आटला, म्हणून त्याला कॉम्प्युटर विभागात सिस्टिम सांभाळायला बसवलं. तिथे मशीनच्या वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक निघाला. एवढ्याशा रकमेकडे कुणीही दुर्लक्ष केलं असतं. त्यानं केलं नाही. त्या पाऊण डॉलरचा माग काढत तो पश्चिम जर्मनीतल्या एका घुसखोरापर्यंत पोचला. हा माणूस अमेरिकी लष्कराच्या मशीनमध्ये शिरून तिथली माहिती केजीबीला विकत होता. मार्च २०२४मध्येही असंच झालं. आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्याला खटकलं, आणि त्यातून एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेरलेली चोरवाट उघडी पडली. दोघांचाही पेशा सिक्युरिटीचा नव्हता. आपलं यंत्र रोज कसं चालतं, हे मात्र दोघांना पाठ होतं.

तुझं भांडवल तेच आहे. रात्रीचा बॅकअप कधी सुरू होतो, कुठल्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच आहे, हिशोबवाल्यांच्या मशीनवर अ‍ॅडमिनचे हक्क का द्यावे लागले, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. नुसता कोर्स करून आलेल्याला हे कळायला बराच काळ जातो.

बदलायची आहे ती नजर. अ‍ॅडमिनला ध्यास असतो तो सगळं सुरळीत चालू राहावं याचा. सिक्युरिटीत प्रत्येक चालू गोष्टीबद्दल विचारायचं, की याचा गैरवापर कोण आणि कसा करील? मी हे फार उशिरा शिकले. एका कंपनीत अ‍ॅडमिन असताना नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं माझ्याकडून बंद करायचं राहिलं. आठ महिन्यांनी त्या खात्यावरून मध्यरात्री कुणीतरी आत आलं. कधीपासून येत होतं, काय नेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण डिस्क भरते म्हणून लॉग सात दिवसांवर मीच आणले होते. साहेबांपुढे उभी राहून ‘सांगता येत नाही’ म्हणतानाची ती सकाळ मी अजून विसरलेले नाही. या कामाकडे मी वळले ती त्या दिवसापासून.

म्हणून तू सुरुवात लॉगपासून कर. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश मुळातून वाच. ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीनं जुळवायची. तुमच्याकडे यातलं काय होतं, काय होत नाही, ते स्वतः तपास. विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४७२० म्हणजे नवं खातं, ११०२ म्हणजे कुणीतरी लॉगच पुसला. हे आकडे रोज सकाळी बघत गेलास, तर महिन्याभरात वेगळं काही दिसलं की आपोआप थांबशील.

पण एक गोष्ट बजावून सांगते. परवानगीशिवाय कुठलंही स्कॅनर चालवू नकोस, स्वतःच्या ऑफिसातसुद्धा नाही. ती लेखी घे. आयटी कायद्याच्या कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सराव घरी, व्हर्च्युअल मशीनवर.

सर्टिफिकेटं मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. एक घे, पाचांच्या मागे लागू नकोस. पहिली नोकरी बहुधा एसओसीतली, म्हणजे सुरक्षेवर पहारा ठेवणाऱ्या कक्षातली मिळेल, रात्रपाळी असेल, पगारही लगेच वाढेलच असं नाही. ताईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती मला फोन करील.

आणि लिहायला शीक. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ला पसरला. त्याला अडवणारा पॅच १४ मार्चलाच आला होता. ज्यांनी तो लावला नाही ते सगळेच बेफिकीर नव्हते. कित्येकांना मशीन रीबूट करायला कुणी वेळच देत नव्हतं. ही अडचण तू स्वतः भोगली आहेस. उद्या ‘पॅच लावा’ एवढंच लिहून थांबू नकोस. कुठलं मशीन, किती वेळ बंद राहील, बिघडलं तर मागे कसं यायचं, हेही लिही. असा कागद हातात आला, की समोरचा अ‍ॅडमिन तुला शत्रू समजत नाही, आणि कामही होतं.

गणपतीला येशीलच. डोमेन अ‍ॅडमिनच्या खात्यांची यादी आणू नकोस, ती ऑफिसबाहेर न्यायची नसते. पण त्यातलं प्रत्येक खातं कुणाचं आणि कशासाठी, हे तुला तोंडपाठ सांगता येतं का, ते मी विचारणार आहे.

तुझी,
मावशी