उजवी विंग कोणाची?

फर्स्ट इयरला मी एकांकिकेच्या टीममध्ये शिरलो तो अ‍ॅक्टिंग करायला. मिळालं बॅकस्टेज! ड्रॉइंग हॉलमध्ये तालमी चालायच्या, खडूने आखलेला चौकोन म्हणजे आमचं स्टेज. ना विंगा, ना पडदा. लाकडी लेव्हल्स भाड्याच्या, त्या थेट थिएटरवरच आल्या. टेक्निकलच्या दिवशी दिग्दर्शक दादाने सांगितलं, 'दुसऱ्या ब्लॅकआउटला लेव्हल उजव्या विंगेजवळ लाव.' मी लावली. खुर्च्यांत बसून तालमी बघायची सवय, त्यामुळे प्रेक्षकांच्या उजवीकडे! अंधारात आमचा हीरो धावत आला आणि त्याचा गुडघा थेट लेव्हलच्या कडेवर. स्पर्धेत त्याने क्रेप बँडेज बांधून काम केलं. धावत यायची एंट्री चालत झाली. मला कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

नाटकातलं डावं-उजवं हे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शन आठवा. वस्तू तीच, पण पद्धत न विचारता शीट काढलं की व्ह्यूज उलटे बसतात आणि सर शीट परत देतात. इथे शीट परत मिळत नाही. अपस्टेज-डाउनस्टेजचंही तसंच. युरोपात जुनी स्टेजेस मागे उंच आणि प्रेक्षकांकडे उतरती असत, म्हणून मागचं ते 'अप' आणि पुढचं ते 'डाउन'. आपलं स्टेज सपाट, पण शब्द चढावरच राहिला.

त्या प्रकारानंतर मी शब्द विचारायला लागलो, अगदी लाज सोडून. आणि एकेक गंमत कळत गेली. 'तालीम' हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ शिक्षण. आपल्याकडे पैलवानांची पण तालीम आणि नटांची पण. 'नेपथ्य' म्हणजे आपण सेट समजतो, पण संस्कृत नाटकात ती पडद्यामागची, नट सजतात ती जागा. 'सूत्रधार' म्हणजे दोरी धरणारा. संस्कृतात हा शब्द सुताराला आणि बांधकाम करणाऱ्यालाही आहे, आणि आपला 'सुतार' त्यातूनच आला. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

मेकॅनिकलवाल्यांसाठी 'बेअरिंग'. नटाने भूमिकेत शिरणं म्हणजे बेअरिंग घेणं, आणि मध्येच स्वतःचं हसू फुटलं की 'बेअरिंग सुटलं'. वाक्य 'खाल्लं' म्हणजे बोलायचं राहून गेलं. वाक्य 'उचल' म्हणजे समोरच्याचं संपताक्षणी तुझं सुरू कर. हे पुस्तकात सापडत नाही, विंगेत उभं राहूनच कळतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'प्रयोग'. लॅबमध्ये करतो तोही प्रयोग आणि नाटकाचाही प्रयोगच. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्या आठवणीचा 5 नोव्हेंबर आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो; तेव्हापासून किती प्रयोग झाले असतील! फरक एवढाच, की लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर शेजारच्या बॅचच्या जर्नलमधून घेता येतं. (स्टाफने हे वाक्य खाल्लं असं समजावं.) तिसरी घंटा झाली की जे होईल ते शंभर-दोनशे लोकांसमोर.

आता मी फायनल इयरला आहे आणि अजून बॅकस्टेजलाच. तालमी मेसच्या जेवणानंतर, नऊ वाजता. पहिल्या दिवशी नव्या मुलांना स्क्रिप्ट देण्याआधी मी रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून उभं करतो आणि उजवा हात वर करायला सांगतो. यंदा एकाने विचारलं, 'अपस्टेजला जायला शिडी कुठेय?' बाकीचे हसले. मी त्याला लगेच बॅकस्टेजला घेतला, आणि चौकोनाच्या कडेला खडूने मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं : नटाची उजवी.