शुद्ध, अशुद्ध आणि चार शब्दांचे एक वाक्य

(द्वितीय वर्ष, कला)

पाचवीत असताना वर्गात 'सुट्टीतील एक दिवस' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. आजीबरोबर मी पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन गेले होते आणि परतताना शेवटची एस. टी. चुकल्यामुळे आम्ही अंधारात चालत घरी आलो, ती हकीकत मी लिहिली. तिच्यात एक वाक्य होते : 'मना गारि भेटली नाय.' वही परत आली तेव्हा या चार शब्दांवर पाच लाल वर्तुळे होती. 'गारि' या शब्दाच्या वाट्याला दोन आली होती. खाली शुद्ध वाक्य लिहून दिले होते, 'मला गाडी मिळाली नाही', आणि ते पाच वेळा लिहून काढावयाचे होते. शुद्ध झालेल्या वाक्यात माझा एकही शब्द शिल्लक राहिला नव्हता.

ती वही आज नाही, पण वाक्य पाठ आहे. तपासणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. चाळीस वह्या तपासावयाच्या म्हणजे लाल शाई एकच असणार. परंतु बी. ए.ला आल्यावर भाषाशास्त्राची ओळख झाली आणि ती पाच वर्तुळे पुन्हा डोळ्यांसमोर आली. प्रस्तुत लेखात ती एकेक करून तपासावी असा विचार आहे.

प्रथम जी चूक निर्विवाद आहे ती मान्य करते. 'गारि' असे ऱ्हस्व लिहिणे चूकच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि हेच अठरा नियम आजही पाठ्यपुस्तकांत व सरकारी लिखाणात पाळले जातात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार व उकार दीर्घ लिहावा, हा त्यांतला एक नियम. पूर्वी 'कवि' आणि 'गुरु' लिहीत, ते त्यामुळे 'कवी' आणि 'गुरू' झाले. अशा नियमांचा उपयोग उघड आहे. लातूरच्या मुलाने लिहिलेले पनवेलच्या मुलीला अडखळल्यावाचून वाचता यावे, शब्दकोशात शब्द सापडावा, यासाठी कोणीतरी काहीतरी ठरवावेच लागते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे असे ठरवतात, तसेच हे. डावी बाजू उजवीपेक्षा पवित्र आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आणि ठरवलेले बदलतेही. १९६२ पूर्वीची पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत 'कांहीं', 'नांव', 'घरें', 'तूं' असे अनुस्वार जागोजाग दिसतात. ते देता येणे हे त्या काळी शिकलेल्या माणसाचे लक्षण होते. उच्चारात नसलेले हे अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले आणि कालपर्यंतचे शुद्ध ते आज अशुद्ध झाले. 'शुद्धलेखन' याऐवजी 'प्रमाणलेखन' म्हणावे असे अनेक अभ्यासक सुचवतात ते यामुळेच पटते. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द मुळात सोवळ्या-ओवळ्याच्या घरातले आहेत. वहीवर ते उमटले की विटाळ अक्षराला न लागता लिहिणाऱ्याला लागतो.

नियमांविषयी एक तक्रार मात्र नोंदवते. 'फूल' दीर्घ आणि 'गुण' ऱ्हस्व का? तर 'गुण' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे आणि त्याला उपान्त्य दीर्घाचा नियम लागू होत नाही. 'वीट' आणि 'विष' यांचेही तसेच. म्हणजे शब्द लिहिण्यापूर्वी त्याचे कुळ ठाऊक असावे लागते. ज्या घरात संस्कृत कानावर पडले तेथील मूल हे न कळत शिकते. ज्या घरात सातबारा आणि रेशनकार्ड याव्यतिरिक्त कागदच नव्हता, तेथील मुलाला ते घोकावे लागते. घोकून येते, हे मी अनुभवाने सांगते. पण दोघांची परीक्षा एकच असली तरी सुरुवात एका जागेवरून नसते.

आता उरलेली चार वर्तुळे. त्यांचा लेखनाच्या नियमांशी काही संबंध नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

'गाडी'ची 'गारी' का झाली? आमच्या आगरी बोलीत 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल' होतो. घोडा तो घोरा, पाणी ते पानी, शाळा ती शाला. हे वेडेवाकडे बोलणे नसून नियमाने होणारे बदल आहेत. सबंध मराठीनेही असेच बदल केलेले आहेत. संस्कृतातील 'गुड' याचा मराठीने 'गूळ' केला, 'षोडश'चे 'सोळा' केले. तिथे 'ड'चा 'ळ' झाला तेव्हा कोणी लाल वर्तुळ काढले नाही. गंमत अशी की 'शाला' हा तर मूळ संस्कृत शब्दच आहे आणि 'पाणी' हे 'पानीय' यापासून आलेले आहे. म्हणजे संस्कृताच्या हिशेबाने या दोन शब्दांत माझी आजी शाळेपेक्षा बिनचूक ठरते! अर्थात हा योगायोग आहे. त्यावरून आमची बोली अधिक शुद्ध असा दावा मी करणार नाही, कारण तसे केले तर जी फूटपट्टी नको म्हणते तीच पुन्हा हाती घेतल्यासारखे होईल.

'भेटली' या शब्दाबाबत मात्र बाईंची बाजू मला थोडी पटते. प्रमाण मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते. हा भेद उपयोगाचा आहे व तो शिकल्याचा मला फायदाच झाला. पण कोकणात, मुंबईत आणि देशावरही कितीतरी लोक 'पुस्तक भेटले', 'पगार भेटला' असे म्हणतात. 'तो म्हणाला' याऐवजी 'तो बोलला' म्हणणारेही तितकेच. वस्तू हाती लागण्यासाठी आजीकडे 'गावणे' हा आणखी एक शब्द आहे, तो प्रमाणभाषेने जवळजवळ गमावला आहे. आमच्याकडे शब्द कमी होते असे नव्हे. वाटणी वेगळी होती.

'मना' विषयी तर वादच नको. मालवणीत 'माका', वऱ्हाडीत 'मले', आगरीत 'मना', पुण्यात 'मला'. डॉ. ना. गो. कालेलकर यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या ग्रंथाला १९६७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषेला भूगोल असतो, ही साधी गोष्ट या नावातच आली आहे. प्रमाणभाषा हीसुद्धा मुळात कोणत्या तरी प्रदेशाची आणि वर्गाची बोलीच असते. १८१८ नंतर शाळाखाते, छापखाने, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६), मोल्सवर्थचा कोश (१८३१) आणि मेजर कँडी यांच्या नजरेखालून गेलेली क्रमिक पुस्तके यांतून शिष्टांच्या मराठीला छापील रूप मिळाले. पुण्याचा 'मला' पुस्तकात गेला, आमचा 'मना' बाजारात राहिला.

शेवटचा 'नाय'. शिकलेली माणसेसुद्धा घाईत बोलताना 'नाही' मधला 'ह' कितपत उच्चारतात, हे कान देऊन ऐकावे. ती 'केलं' बोलतात आणि 'केले' लिहितात. लिहिल्याप्रमाणे कोणीच बोलत नाही. मग त्यांच्या बोलण्याला लेखनात जागा कुठे? याचे उत्तर त्या अठरा नियमांतच आहे. पात्राच्या तोंडी बोलभाषा घालताना 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी रूपे चालतात. अन्य प्रसंगी 'असे केले' असे एकारान्त लिहावे. हा नियम वाचला तेव्हा मी थबकले. पाचवीतल्या त्या वाक्याला मी अवतरणचिन्हे लावली असती आणि पुढे 'असे आजी म्हणाली' एवढे जोडले असते, तर कदाचित चार वर्तुळे वाचली असती. माझी चूक बोलीची नव्हतीच. बोली पात्राची असते आणि निवेदन प्रमाणभाषेत करावयाचे असते, ही वाटणी मला ठाऊक नव्हती.

मराठी साहित्यात ही वाटणी फार काळ चालली. गडी, शेतकरी, मोलकरीण यांनी अवतरणचिन्हांच्या आत बोलावे. त्यांच्याविषयी विचार करण्याचे काम चिन्हांच्या बाहेरच्या भाषेने करावे. ग्रामीण कथेनेही बहुधा हीच रीत ठेवली. जोतीराव फुल्यांनी विचाराचीच भाषा लोकांच्या बोलण्याजवळ आणली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांच्या व्याकरणाची टवाळी केली. चिपळूणकरांचे गद्य डौलदार आहे, ते वाचताना मलाही आनंद होतो. पण माणूस काय म्हणतो यापेक्षा तो ते कसे लिहितो यावर हसणे सोपे असते. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे आम्हांला माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. अठरा नियमांत आणखी एक नियम आहे : चिपळूणकरांपूर्वीच्या गद्यातील उतारे मुळाबरहुकूम छापावेत, चिपळूणकरांपासून पुढचे नव्या नियमांनुसार. निबंधमाला १८७४ ची. अक्षरशः घेतले तर १८७३ चे 'गुलामगिरी' आपल्या मूळ रूपात राहील आणि १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' मात्र सुधारून छापावा लागेल.

कवितेला सवलत आधी मिळाली. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि खानदेशातील लेवा गणबोली महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. गद्याला वेळ लागला. १९७८ साली दया पवारांचे आत्मकथन आले, त्याचे नावच 'बलुतं'. नियमाप्रमाणे ते 'बलुते' हवे. त्यापूर्वी १९४९ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' असे नाव दिलेच होते. पण 'बलुतं' मध्ये आपल्या आयुष्याचा अर्थ सांगणारा निवेदकच बोलल्यासारखा लिहितो, अवतरणचिन्हांच्या बाहेर येऊन.

तर मग प्रमाणभाषा नकोच, असे म्हणावे काय? माझे मत तसे नाही आणि त्याचे कारण आमच्या घरातच आहे. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. आजोबांकडे जो कागद आला त्यात 'संपादन' हा शब्द होता. तो त्यांना वाचता आला नाही, दुसऱ्याने वाचून दाखवला तरी कळला नाही. आमच्या गावात आजही 'संपादन' म्हणजे जमीन जाणे, एवढाच अर्थ आहे. या अंकाच्या संपादक मंडळात माझे नाव आले, तेव्हा कोणाची जमीन घेणार, असे आजीने खरेच विचारले होते. तो कागद आगरीत यायला हवा होता, हे म्हणणे सोपे आहे. पण घरातल्या कोणाला तरी कागदाची मराठी येत असती तर अधिक बरे झाले असते, असे मला वाटते. म्हणून मी ती भाषा शिकले, आणि हा लेख तिच्यातच लिहीत आहे.

लेखनाची भाषा कोणती असावी हा प्रश्न महानुभाव पंथाला तेराव्या-चौदाव्या शतकातच पडला होता. पंडित शिष्य संस्कृतात ग्रंथ रचू पाहत होते. आचार्य नागदेवांनी त्यांना अडवले, आणि कारण काय दिले? संस्कृतात लिहाल तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. कोणती भाषा श्रेष्ठ याची चर्चा त्यांनी केली नाही. कोण बाहेर राहील एवढेच पाहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्राचीनतेच्या पुराव्यांत 'लीळाचरित्र'ही होते. तो मान काही अंशी त्या म्हाताऱ्यांचाही समजावा.

आज आमच्याच वर्गात आगरी, कोळी, कराडी बोलणारे आहेत, साताऱ्याहून, बीडहून, जळगावहून आलेले आहेत. कातकरी वस्तीतून आलेल्या मुलाची भाषा तर आमच्यापेक्षाही दूरची. आमची निदान मराठीच्या अंगणातली तरी समजतात. या सर्वांनी एकमेकांसाठी लिहावयाचे तर प्रमाणलेखन लागेल. पण यंदा अंकासाठी आलेले साहित्य तपासताना मी एक करून पाहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सरळ दुरुस्त केल्या. बोलीचा शब्द आला तेथे तो न खोडता समासात पेन्सिलीने प्रमाण शब्द लिहिला आणि काय ठेवावयाचे ते लिहिणाऱ्याला विचारले. बहुतेकांनी प्रमाण शब्द घेतला, हे सांगितले पाहिजे. एका मुलीने मात्र कथेतल्या आईचे बोलणे कराडीतच ठेवले, आणि ते वाचून दाखवताना तिचा आवाज बदलला होता.

माझ्या वाक्यातही मी एकच दुरुस्ती केली आहे, 'रि' दीर्घ केली आहे : मना गारी भेटली नाय.