एक नाव, अनेक दत्तात्रेय

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या मंदिरात गुरुवारच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी "अहो दत्ता" अशी हाक मारली, तर निदान चार जण मागे वळून पाहतात. चौघेही साठीच्या पुढचे. हल्ली बारशाला हे नाव फारसे ऐकू येत नाही, पण आमच्या पिढीपर्यंत मराठी घरांत एखादा दत्तू असायचाच. कुणी नवसाचा, कुणी दत्तजयंतीच्या सुमारास जन्मलेला, कुणी आजोबांचे नाव पुढे चालवणारा. या अंकासाठी काही अभ्यासपूर्ण लिहा असा आग्रह झाला. मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. होऊन आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. नावे जुळवून पाहणे एवढेच मला येते, म्हणून अभ्यासही नावाचाच केला आहे.

आधी शुद्धलेखन. दत्त अधिक आत्रेय म्हणजे दत्तात्रेय. अत्रिऋषींचा पुत्र म्हणून आत्रेय, आणि अत्रि-अनसूयेला देवाने स्वतःला देऊन टाकले म्हणून दत्त. मूर्तीची तीन मुखे पाहून लोकांना वाटते की शब्दात 'त्रय' असणार, म्हणून 'दत्तात्रय' लिहितात. पासबुकावर एक रूप, रेशनकार्डावर दुसरे आणि इंग्रजीत तिसरेच! यावरून काउंटरवर किती वाद झाले, दत्तमहाराजच जाणोत.

आता एक चूक कबूल करतो. १९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा घाटकोपरच्या एका शाखेत सेव्हिंग्जच्या काउंटरवर होतो. कॉम्प्युटर नव्हते, जाडजूड लेजर असत. आमच्याकडे एकाच नावाचे दोन खातेदार होते. दोघेही दत्तात्रेय रामचंद्र, आणि आडनावही तेच (ते इथे सांगत नाही). एक बंद पडलेल्या गिरणीतले कामगार, दुसरे शाळामास्तर. कामगाराच्या फंडाचा चेक वटून आला आणि मी ती रक्कम मास्तरांच्या पानावर जमा केली. खाते नंबर न बघता नाव बघून एन्ट्री टाकली, दुसरे काय! तीन आठवड्यांनी कामगार मुलीच्या फीसाठी पैसे काढायला आले, तर खात्यात पन्नास-साठ रुपये. मी त्यांनाच म्हटले, "तुमचा चेक अजून आला नसेल." ते दोनदा हात हलवत परत गेले. शेवटी मास्तरच पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, हे पैसे माझे नाहीत. कुणाचे आहेत ते बघा." मी पान उलटले आणि पायाखालची जमीन सरकली. कामगाराची माफी मागितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, नाव एक असलं म्हणून पोट एक नसतं ना."

तेव्हापासून एक सवय लागली. नाव सारखे दिसले की वडिलांचे नाव पाहायचे, तेही सारखे निघाले की सही पाहायची. नाव आईबाप देतात, सही मात्र ज्याची त्याने कमवायची असते.

हे दोन दत्तात्रेय रामचंद्र मनात घर करून राहिले, आणि पुढे वाचताना तशीच एक थोर जोडी सापडली. पहिले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. जन्म १८९६, धारवाड. घरची भाषा मराठी, पण कवी झाले कन्नडचे, आणि असे झाले की १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या 'नाकु तंती' या संग्रहाला मिळाला. आपल्या सोलापुरातही ते बरीच वर्षे प्राध्यापक होते. त्यांनी कवितेखाली सही केली ती 'अंबिकातनयदत्त' अशी. अंबिका ही त्यांची आई. आमच्या फॉर्मात वडिलांच्या नावाचा रकाना असे, बेंद्र्यांनी आईचे नाव लावले आणि स्वतःपुरता 'दत्त' ठेवला. आईचा उल्लेख करून दत्त म्हणवून घेणे यात मला तर अनसूयेचीच आठवण होते. अर्थात हा माझा भाव, विद्वानांनी हसू नये.

दुसरे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या डहाणूचा. वडील कारकून होते, हे वाचून मला बरे वाटले. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवता शिकवता हे गृहस्थ आकड्यांशी खेळत बसत. मोठी पदवी नाही, विद्यापीठ नाही, त्यामुळे बड्या मंडळींनी फारसे विचारले नाही. मात्र १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि जगभर नाव झाले. त्यांच्या एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो' म्हणतात. डेम्लो म्हणजे आपले डोंबिवली. त्या स्टेशनात त्यांना ती कल्पना सुचली म्हणून हे नाव! रोज लोकलने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्यांचा ६१७४ हा आकडा करून बघण्यासारखा आहे. चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि पुढे हलत नाही. मी गंमत म्हणून दोघांची जन्मवर्षे घेतली. बेंद्र्यांचे १८९६: ९८६१ वजा १६८९ बरोबर ८१७२. कापरेकरांचे १९०५: ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१, आणि पुन्हा ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२! इथे दोन्ही दत्तात्रेय रामचंद्र एकमेकांना भेटतात आणि ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे बरोबर चालत ६१७४ ला पोहोचतात. यात दैवी काही नाही, गणित आहे. पण ताळेबंद जुळल्याचा आनंद काय असतो हे बँकवाल्यालाच कळेल.

दत्तात्रेय विष्णु पलुसकरांची गोष्ट दत्तभक्तांनी मुद्दाम वाचावी. नृसिंहवाडीजवळचे कुरुंदवाड हे त्यांचे गाव. आजोबांचे नाव दिगंबर, तेही दत्ताचेच. वडील पंडित विष्णु दिगंबर लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटला आणि दृष्टी अधू झाली. उपचारांसाठी मिरजेला नेले, तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. पुढे त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली. १९२१ साली झालेला मुलगा जगला, त्याचे नाव दत्तात्रेय. ज्या देवाच्या उत्सवात डोळे गेले त्याच देवाचे नाव मुलाला! मला हे वाचून दोन दिवस सुचेनासे झाले होते. हेच द. वि. पलुसकर. 'बैजू बावरा'मध्ये अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी सगळ्यांनी ऐकलेली असेल. १९५५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ते गेले.

मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्यांना काका कालेलकर ठाऊक असतात, पण ते दत्तात्रेय बाळकृष्ण, साताऱ्यात जन्मलेले, हे आपल्यालाच ठाऊक नसते. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. बेंद्रे आणि कालेलकर, दोघेही दत्त शेजारच्या भाषेत मोठे झाले आणि दोघेही १९८१ मध्येच गेले. बुराडी घाटावर १७६० मध्ये पडलेले दत्ताजी शिंदे शाळेत शिकलेलेच आहेत. क्रिकेटवाल्यांनी दत्तू फडकर आठवावेत.

आणि घाटकोपरचे म्हणाल तर डॉक्टर दत्ता सामंत. आधी इथे दवाखाना चालवणारे डॉक्टर, मग कामगारांचे पुढारी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९९७ च्या जानेवारीत पवईत त्यांची हत्या झाली. त्यांच्याबद्दल आपल्यात दोन मते आहेत, आणि ती एकाच घरात असतात. माझे मत सांगून आरतीनंतर वाद नको. माझ्या काउंटरवर फंडाचे चेक घेऊन येणारे ते चेहरे मात्र विसरलो नाही.

त्या दोन खातेदारांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. कामगाराचे पैसे त्याच दिवशी त्यांच्या खात्यात गेले. अकाउंटंटसाहेबांनी मला सर्वांदेखत झापले, ते योग्यच होते. मग मी लाल शाईची दौत घेतली आणि दोघांच्याही लेजरच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिले: "याच नावाचे दुसरे आहेत, नंबर पाहा."

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥