कागदावरचं अमिनो आम्ल

माजिवड्यात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो.  पेपरात ‘एक काल्पनिक अमिनो आम्ल’ आलं की त्यांचं पेन थबकतं. शिकवता शिकवता माझ्या मनात जे पक्कं झालं, ते असं.

१. आधी आकृती, मग आकडे. मधल्या कार्बनला अमिनो गट, कार्बोक्सिल गट आणि हायड्रोजन. काल्पनिक असते ती चौथ्या जागेवरची साखळी. तिथेही हायड्रोजन बसवला की ग्लायसीन.

२. आकृतीत भार दाखवाच. कार्बोक्सिलचा प्रोटॉन अमिनो गटाकडे गेलेला असतो, अगदी स्फटिकातसुद्धा. मी वर्गात दोन बाटल्या ठेवतो. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचं झाकण जरा उघडलं तरी पहिला बाक नाक दाबतो. ते १६-१७ अंशांनाच वितळतं. ग्लायसीनची पांढरी पूड मात्र वासाला काहीच नाही, आणि २३० अंशांच्या आसपास तापवली तर वितळता वितळता तिचं विघटन होतं. धन आणि ऋण टोकं एकमेकांना धरून बसलेली असतात. हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे भार विसरत नाही.

३. आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे एकूण भार शून्य होतो तो पीएच, ही तिन्ही पीकेएंची सरासरी नव्हे. समजा साखळीतही कार्बोक्सिल गट आहे आणि पीकेए २, ४ आणि १० आहेत. पीएच वाढवत न्या: भार आधी अधिक एक, २ ओलांडल्यावर शून्य, ४ नंतर उणे एक, १० नंतर उणे दोन. शून्य भार २ आणि ४ यांच्या मध्ये, म्हणून उत्तर ३. साखळीत कार्बोक्सिलऐवजी अमिनो गट असेल आणि पीकेए २, ९, १० असतील, तर उत्तर ९.५. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही चाल बोटावर मोजलेली मला जास्त भरवशाची वाटते.

४. प्रोलीन वेगळं. त्याची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते. निनहायड्रिन या अभिकर्मकाशी ते इतरांसारखा जांभळा नव्हे, पिवळा रंग देतं.

५. एवढ्या आकडेमोडीचा उपयोग काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी दह्याकडे वळतो. दुधाचा पीएच सुमारे ६.६, केसीन या प्रथिनाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ४.६. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच उतरतो, केसीनवरचा ऋण भार संपतो. एकमेकांना दूर ढकलणारे कण चिकटू लागतात आणि दही लागतं. ‘सर, आणखी आम्ल घातलं तर परत दूध होईल?’ असं एका मुलीनं विचारलं होतं. फार सुंदर प्रश्न! भार परत येईल, पण धन. आणि केसीनचे कण बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट तोवर विरघळून गेलेलं असतं, त्यामुळे ते कण पूर्वीसारखे जुळत नाहीत.