शून्याच्या दिवसांत

आईबाबांनो, रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला बसलेले तुम्ही मला दिसता. मुलगा शून्यावर बाद होऊन येतो आणि त्याने पॅड सोडायच्या आत तुमचं सुरू होतं. "लक्ष कुठे होतं?" "रात्री किती वाजेपर्यंत मोबाइल बघत होतास?" तुमची तळमळ मला कळते. फी भरलेली असते, पहाटे उठून डबा केलेला असतो, हक्काची सुटी गेलेली असते. तरी आज थोडं ऐकून घ्या. मला तुमच्याशी गिल हॉजेस या माणसाबद्दल बोलायचंय. तो बेसबॉलवाला. आपल्याकडे त्याचं नाव कुणाला ठाऊक नसेल, पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली जुनी माणसं ते अजून घरच्यासारखं घेतात.

1952 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या हंगामाची अंतिम लढत, ब्रुकलिन डॉजर्स आणि यांकीज यांच्यात झाली. गिल हा डॉजर्सचा भरवशाचा फलंदाज, त्या हंगामात 32 होमरन मारलेला. सात सामने झाले. त्यांत 21 अधिकृत संधी मिळून त्याला एकही हिट मारता आली नाही, आणि डॉजर्स सिरीज हरले. बेसबॉलमध्ये दहांत तीन वेळा हिट मारणारा उत्तम फलंदाज समजला जातो, म्हणजे चुकणं तिथे रोजचंच. पण एकविसांत शून्य! पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला तरी गाडं हलेना.

अशा वेळी प्रेक्षक हुर्यो उडवतात. ब्रुकलिनचे प्रेक्षक काही फार सोवळे नव्हते, पण गिलची हुर्यो त्यांनी उडवली नाही. त्याला पत्रं आली, जपमाळा आल्या. मे महिन्यातल्या एका उकाड्याच्या रविवारी तिथल्या एका चर्चमध्ये फादर रेडमंड यांनी प्रवचनच रद्द केलं. घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढंच सांगून लोकांना सोडलं. त्याच सुमारास संघाचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी त्याच्या फलंदाजीचं चित्रीकरण करून त्याला दाखवलं. चेंडू येताना त्याचा पुढचा पाय बाहेर सरकत होता. प्रार्थनेचं श्रेय किती आणि फिल्मचं किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मला वाटतं, पाय कुठे चुकतोय हे शांतपणे बघायला आधी पोरगं घाबरलेलं नसावं लागतं. तो हंगाम गिलने .302 च्या सरासरीने आणि 31 होमरनने संपवला.

त्याचे वडील चार्ली इंडियाना राज्यात कोळशाच्या खाणीत कामाला होते. खाणीतल्या अपघातांत त्यांचा एक डोळा गेला, पायाची बोटं गेली. आपली मुलं खाणीत उतरणार नाहीत, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दिवसभर राबून आल्यावर ते गिल आणि त्याचा भाऊ बॉब यांना खेळायला शिकवत. 'आमच्या वेळी आम्हाला कुणी शिकवलं नाही' असं आपण किती सहज म्हणून जातो!

खेळणं थांबल्यावर गिल आधी वॉशिंग्टन सेनेटर्सचा आणि 1968 पासून न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे आपल्या भाषेत मुख्य कोचच. वॉशिंग्टनच्या दिवसांतला त्याचा एक किस्सा अजून सांगतात. काही खेळाडू रात्री ठरलेल्या वेळेनंतर हॉटेलवर परतले होते. गिलने सगळ्यांसमोर सांगितलं, चौघे उशिरा आले हे मला माहीत आहे, ते कोण हेही माहीत आहे. कुणाला मान खाली घालायला लावायचं नाही, दंडाचे शंभर डॉलर माझ्या टेबलावरच्या डब्यात टाका. संध्याकाळी डबा उघडला तर आत सातशे डॉलर! मुलांच्या वहीत चोरून डोकावणाऱ्या आईबाबांना हा किस्सा मी मुद्दाम सांगते.

पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. 30 जुलै 1969 ला मेट्स ह्यूस्टनकडून सपाटून मार खात होते. लेफ्ट फील्डला क्लिऑन जोन्स उभा होता, त्या वर्षीचा संघातला सर्वांत चांगला फलंदाज. त्याच्याकडे आलेला चेंडू त्याने निवांतपणे उचलून टाकला. गिल बाकावरून उठला, पिचरला ओलांडून, शॉर्टस्टॉपला ओलांडून थेट लेफ्ट फील्डपर्यंत सावकाश चालत गेला. दोघांचं काही बोलणं झालं आणि जोन्स त्याच्या मागोमाग मैदानाबाहेर आला. बाहेर सांगितलं गेलं ते दुखापतीचं कारण. मैदान ओलं होतं, जोन्सचा पाय दुखत होता, हे खोटं नव्हतं. तरी भरल्या स्टेडियमसमोर ती वाटचाल मला आजही खटकते. कितीतरी लेखक याच प्रसंगाला मेट्सच्या नशिबाचं वळण मानतात, मानोत बापडे. मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. जोन्सची जागा गेली नाही, तो परत खेळला, हंगामाअखेर त्याची सरासरी .340 होती. मेट्सनी आदल्या वर्षी 73 सामने जिंकले होते, त्या वर्षी 100 जिंकले. 16 ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीज संपवणारा शेवटचा झेल लेफ्ट फील्डलाच गेला. तो घेतला जोन्सने.

घर गिलने ब्रुकलिनच मानलं. बायको जोन तिथलीच. डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर तो काही वर्षं तिकडे खेळला, पण शेवटी बायको आणि चार मुलांसह ब्रुकलिनलाच राहिला. चिडणं, आरडाओरडा त्याच्या स्वभावात नव्हता. सगळं आत ठेवायचा आणि सिगारेटी ओढायचा. 1968 च्या सप्टेंबरमध्ये अटलांटात सामना चालू असताना त्याला हृदयविकाराचा पहिला झटका आला. 2 एप्रिल 1972 ला, ईस्टरच्या रविवारी, फ्लोरिडात गोल्फ खेळून परतताना दुसरा आला, त्यात तो गेला. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. बाबांनो, हे वाक्य खास तुमच्यासाठी आहे. पोरांच्या डाएटचा तक्ता फ्रिजवर लावता, मग स्वतःचं ब्लड प्रेशरही एकदा तपासून घ्या.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्याची निवड केली ती 2021 च्या डिसेंबरमध्ये. जोन तेव्हा पंचाण्णव वर्षांची होती. एवढा उशीर का केला, यावर तिकडे अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही.

तुम्ही येत्या रविवारी कोचना भेटाल तेव्हा मुलगा कोणत्या संघात बसेल हे विचारालच, विचारा. त्याच्या आधी एवढं विचाराल का : मागच्या वेळी तो शून्यावर आला तेव्हा सर त्याच्याशी काय बोलले, आणि कुठे बोलले, चारचौघांत की बाजूला घेऊन?