मिरजोळ्याहून मेळघाटच्या मचाणावर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यांवर स्वयंसेवक बसतात आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. आमच्या मिरजोळ्यातून तिथे कोण जाणार? ही पौर्णिमा ऐन आंब्याच्या दिवसांत येते आणि काढणीच्या वेळी घरातलं एक माणूस गायब झालं की घरचे वर्षभर ऐकवतात. मी गेले आणि ऐकूनही घेतलं. तुम्हाला जायचं असेल तर हे वाचा.

१. घरची आठवण रात्री येत नाही, दुपारी येते. मचाणावर उजेडीच चढवतात. सागाची पानं गळलेली, सावली नावाला, वारा सुटलाच तर तोही तापलेला. कोकणात घामाने जीव जातो, पण उन्हं कलली की झुळूक येते. तिथे ती येत नाही. घरी पडवीत आढी लागली असेल, कोण कुठला आंबा चाचपत असेल, हे सगळं तेव्हाच डोळ्यांपुढे येतं. येऊ द्यावं. करायला दुसरं काही नसतंच.

२. ‘पोचले’ हा फोन परतवाड्यातूनच उरका. पुढे रेंजचा भरवसा नाही.

३. जोडीला दिलेल्या वनमजुराशी अंधार पडायच्या आत बोलून घ्या. माझ्यासोबतचे भाऊ कोरकू होते. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा, त्यामुळे आपल्याला ओ की ठो कळत नाही. माझ्याशी ते वऱ्हाडीत बोलले.

“ताई, तुमच्या इकडं वाघ हाय काय?”

“बिबट्या आहे. विहिरीत पडतो.”

ते इतके हसले की मचाण हललं. मग म्हणाले, “मंग इतक्या दूर कायले आल्या?” याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

४. आधी कानांनी बघा. वाळक्या पानांवर सांबर पाऊल टाकतं, थांबतं, पुन्हा टाकतं. अस्वल कसलीच पर्वा न करता पाय फरफटत येतं. चंद्र वर आल्यावर एक सांबरीण पिल्लू घेऊन आली. पिल्लू सरळ पाण्याला लागलं. ती मात्र मान वर करून उभीच, दोन्ही कान दोन दिशांना. पिल्लाचं झाल्यावर दोन-चार घोट घेतले आणि गेली. तेवढ्यात माझे दोन्ही पाय बधिर झाले होते, पण हलायची हिंमत झाली नाही.

५. तक्त्यात शून्य लिहायला लाजू नका. मेळघाट १९७३-७४ सालापासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला वाघच हवा असतो. पण वाघांचा आकडा या रात्रीवरून ठरत नाही. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर पाणी पिऊ शकतं. देशभरची व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. तिच्यात कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. आपली रात्र अनुभवासाठी. खोटा ठसा आणि ऐकीव डरकाळी लिहून ती वाया घालवू नये.

६. हापूस मचाणावर नेऊ नका. पिकल्या आंब्याचा वास आपल्याला आवडतो, तसा अस्वलालाही आवडेल. पेटी खाली मुक्कामावरच कर्मचाऱ्यांना देऊन टाका.

मचाणं मोजकी असतात. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट असेल, तर तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्या.