घरचा केळीचा घड एकदम पिकू नये म्हणून

बागेतील माल विक्रीला गेल्यावर घरासाठी राखलेला एखादा घड ओसरीत टांगून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. काही दिवस घड हिरवागार असतो आणि मग पाहता पाहता सगळाच पिवळा होतो. घरात माणसे पाच आणि केळी शंभर! वाटून उरलेली फळे शेवटी गुरांपुढे जातात.

याचे कारण फळातच आहे. पिकू लागलेले केळे इथिलीन नावाचा वायू बाहेर सोडते आणि हा वायू शेजारच्या हिरव्या फळालाही पिकण्यास प्रवृत्त करतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया घरगुती उपायांनी थांबत नाही. म्हणून जे काही करावयाचे ते फळ हिरवे असतानाच करावे.

पहिली काळजी काढणीची. झाडावर एखादे केळे पिवळे दिसेपर्यंत थांबल्यास बाकीच्या घडाला वेळ उरत नाही. फळाच्या धारा थोड्या दिसत असताना, म्हणजे सुमारे पाऊण पक्वतेला, सकाळच्या थंड वेळी घड उतरवावा. तो आपटू देऊ नये, कारण मार लागलेले फळ लवकर पिकते.

घड अखंड टांगू नये. धारदार विळ्याने फण्या अलग करून स्वच्छ पाण्यात चीक धुवावा व सावलीत निथळू द्याव्यात. दांड्याकडील फण्या आधी निसवलेल्या असल्याने जास्त पक्व असतात. त्या प्रथम खाण्यासाठी वेगळ्या ठेवाव्यात. टोकाकडील फण्या दुसऱ्या खोलीत, एकावर एक न रचता पसराव्यात. त्यांच्याजवळ पिकलेले आंबे, पपई किंवा सफरचंद ठेवू नये. पिवळी झाक दिसताच ती फणी तेथून हलवावी. निम्मे काम एवढ्यानेच होते, असे आमचे मत आहे.

देठाला प्लॅस्टिक गुंडाळण्याचा उपाय बरेच जण विचारतात. वायू सालीतूनही बाहेर पडतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

जागा कोणती?

हिरव्या केळीस १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ते शीतगृहातच मिळते, परंतु घरातील सर्वांत थंड जागा शोधणे आपल्या हाती आहे. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली टाळावी. तीव्र उष्म्यात साल हिरवीच राहून आतील गर मऊ पडतो. जळगाव भागातील कोरड्या हवेत ओल्या गोणपाटाचे पडदे चांगला गारवा देतात. विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये वाळू भरून ती दोन वेळा भिजविल्यास शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार होतो. कोकणातील दमट हवेत मात्र पाण्याची वाफ कमी होत असल्याने या दोन्हींचा फायदा थोडाच. तेथे मोकळी, हवेशीर सावली बरी.

हिरवी केळी फ्रिजमध्ये कधीही ठेवू नयेत. १३ अंशांखाली साल करडी-काळपट पडते व फळ पुढे नीट पिकत नाही. पिकलेली केळी ठेवण्यास हरकत नाही. साल काळी पडली तरी आतील गर काही दिवस चांगला राहतो.

पोटॅशियम परमँगनेटची पुरचुंडी

विटेचे लहान तुकडे पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात भिजवून सावलीत वाळवावेत. कापडाच्या पुरचुंडीत बांधून ते हिरव्या फण्यांबरोबर पॉलिथीनच्या पिशवीत ठेवावेत. हे द्रव्य इथिलीन नष्ट करते. जांभळा रंग जाऊन तुकडे तपकिरी झाले की बदलावेत. पिशवी उन्हात ठेवू नये व एक दिवसाआड उघडून पाहावी. आत एखादे केळे पिकू लागले असेल तर ते काढून टाकावे. पुरचुंडी फळाला टेकू देऊ नये, हाताळताना हातमोजे घालावेत. हे द्रव्य पोटात जाणे धोक्याचे असल्याने मुलांपासून दूर ठेवावे.

सणावारी काही फण्या लवकर हव्या असल्यास याच्या उलट करावे. हिरव्या फणीबरोबर दोन पिकलेली केळी कागदी पिशवीत घालून तोंड बंद करावे. कार्बाईडची पुडी वापरू नये, फळे पिकविण्यासाठी तिच्यावर कायद्याने बंदी आहे. इतके करूनही घड जास्तच वाटला, तर टोकाकडील फण्या हिरव्या असतानाच वेफर्ससाठी काढाव्यात. पिवळी झाक आलेल्या फळाचे वेफर्स तळताना तांबूस पडतात.